अण्णांची जांभळी सायकल

माझे वडील, म्हणजे अण्णा, बत्तीस वर्षं ट्रक चालवत होते. आधी सहा चाकी, मग दहा, मग चौदा आणि शेवटची काही वर्षं अठरा चाकी ट्रेलर. रांजणगावला माल भरायचा आणि लुधियाना, चेन्नई, कोलकाता, जिथं पाठवतील तिथं न्यायचा. महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर. उरलेले चार-पाच दिवस ते घरी असायचे. शिरूरहून न्हावऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. त्या चार-पाच दिवसांत गावभर हिंडायला अण्णा माझी सायकल घ्यायचे. जांभळी, लेडीज, पुढं बास्केट असलेली.

मी तेव्हा आठवीत होते आणि लाजेनं माझा जीव अर्धा व्हायचा.

ती सायकल त्यांनीच माझ्यासाठी आणली होती, थेट लुधियानाहून. तसल्या सायकली शिरूरच्या दुकानातही होत्या, पण अण्णांचं म्हणणं असं की वस्तू जिथं बनते तिथूनच घ्यावी. केबिनच्या मागं, ताडपत्रीत गुंडाळून, दोरखंडानं त्यांनी ती इतकी आवळून बांधली होती की सोडवायला त्यांनाच पाऊण तास लागला. आई दारात उभी राहून म्हणत होती की सायकल आणलीय का चोर धरून आणलाय. अखेर सायकल सुटली. अण्णांनी फडक्यानं पुसली, एक ओरखडा नाही हे मला चारदा दाखवलं आणि म्हणाले, गाडी नवीन आहे, आधी मी चालवून बघतो. दुपारी गेलेला माणूस दिवेलागणीला परत आला. मी ओट्यावर फुगून बसले होते.

त्यानंतर अण्णा सुट्टीवर आले की सायकल त्यांची आणि मी शाळेला पायी, असं ठरूनच गेलं. मी कुरकुर केली की आई म्हणायची, महिनाभर तूच फिरवतेस ना, चार दिवस त्यांना फिरवू दे. तिचंही बरोबर होतं. पण ते सायकल कशी चालवायचे ते बघितलं असतं तर कुणीही कुरकुर केली असती.

सकाळी चहा झाला की आधी सायकलीभोवती एक पूर्ण फेरी. दोन्ही टायर बोटांच्या पेरांनी टकटक वाजवून बघायचे, कान देऊन. ट्रकच्या टायरवर दांडकं मारून हवा ओळखायची सवय, ती सायकलीवरही चालू. मग हँडलला हात लावून तो कपाळाला लावायचा. मग एकदा पुढं, एकदा मागं बघायचं, आणि मगच टांग मारायची. हँडलला त्यांनी दोन बाजूंना दोन आरसे बसवून घेतले होते. बास्केटला ट्रकचे असतात तसे लाल-पिवळे गोंडे बांधले होते आणि खाली लिंबू-मिरची. वर्गातल्या मुली मला विचारायच्या, तुझी सायकल कुठल्या परमिटची आहे?

सगळ्यात वाईट म्हणजे मारुतीच्या देवळाचा कोपरा. तिथं रस्ता काटकोनात डावीकडं वळतो. गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा तिथं सायकल अलगद वळवतं. अण्णा आधी पार उजव्या कडेला जायचे, गटारीच्या काठापर्यंत, मग सरळ पुढं, आणि मग मोठा घेर घेऊन डावीकडं. कारण मागं ट्रेलर. ट्रेलर नव्हता, कधीच नव्हता, पण त्यांच्या मनातला ट्रेलर देवळाच्या ओट्याला घासू नये म्हणून ते जागा सोडायचे. एकदा त्या नादात त्यांनी कोपऱ्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींची मेथीची पाटी उलटी केली. मावशींनी त्यांचा चांगला उद्धार केला. अण्णांनी मेथी गोळा करून दिली आणि त्यांनाच समजावून सांगितलं की कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला कधी बसू नये, जड गाडीला घेर लागतो. मावशी सायकलीकडं बघतच राहिल्या.

चहाच्या टपरीपाशी थांबले की स्टँड लावायचा आणि शिवाय चाकाखाली दगड. सपाट जमिनीवर. एकदा दगड काढायला विसरून टांग मारली आणि पारावर बसलेल्या समस्त मंडळींसमोर आडवे झाले. उठून कपडे झटकले आणि दगडाकडं बघून म्हणाले, दगडाचं काम दगडानं केलं. पुढं कितीतरी वर्षं गावात कुणी काही विसरलं की लोक म्हणायचे, अण्णांचा दगड झाला.

गावात लांबच्या पल्ल्याचे ड्रायव्हर आणखी दोघं होते आणि मला त्यांच्या पोरांचा हेवा वाटायचा. एकानं मोठी सात माणसांची गाडी घेतली होती. सुट्टीवर आला की तो ती धुवायचा, पुसायचा आणि कुणाच्याही लग्नाला न्यायचा, बोलावणं असो नसो. दुसऱ्याच्या घरी पूर्वापार मेंढरं. तो महिनाभर आसामपर्यंत कंटेनर ओढून यायचा आणि घरी आल्यावर कुठल्याच चाकाला हात लावायचा नाही, काठी घेऊन मेंढरांमागं जायचा. म्हणायचा, ही गाडी आपली आपण थांबते, ब्रेक लावावा लागत नाही. पण दोघांचीही पोरं कधी ना कधी बापाच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून रांजणगावपर्यंत तरी गेली होती. एक पोरगी तर अख्खी दिवाळीची सुट्टी बापाबरोबर हैदराबादला जाऊन आली आणि वर्षभर वर्गात तेच सांगत होती.

अण्णांनी मला कधीच नेलं नाही. ट्रकमध्ये नाही आणि सायकलवरही नाही. दुधाला, दळणाला, बाजाराला माझ्याबरोबर निघाले की ते सायकल हातात धरून चालायचे. मी एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला, मधे सायकल. कॅरिअर रिकामं. मी किती वेळा म्हटलं असेल, अण्णा, मला मागं बसवा ना. ते म्हणायचे, कॅरिअर कच्चं आहे. त्याच कॅरिअरवर ते दळणाचं वीस किलोचं पोतं बांधून आणायचे. मी ते दाखवून दिलं तर म्हणाले, पोतं हलत नाही.

तेव्हापासून माझ्या मनात ते राहिलं. मला एकदा अण्णांच्या मागं बसायचं होतं. ते चालवतायत आणि मी नुसती बसलेय, एवढंच. हसू येईल कुणाला, पण मोठी झाले, लग्न झालं, शिरूरमध्ये संसार थाटला, तरी ते गेलं नाही.

आता मी रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. गेटवर आलेला ट्रक खाली करून घ्यायचा, पावतीवर सही करायची, हे माझं काम. माल उतरेपर्यंत ड्रायव्हर लोक माझ्या खिडकीपाशी उभे राहतात आणि मी त्यांना एक प्रश्न हमखास विचारते, घरी गेल्यावर काय चालवता? पंजाबचा सरदार म्हणतो ट्रॅक्टर. तमिळनाडूचा एक जण हातानंच दाखवतो की झोपतो. बिहारकडचा एक म्हणाला की गावी नदी आहे, मी नाव चालवतो, तिला हॉर्न नसतो म्हणून बरं वाटतं. आणि निदान डझनभर जणांनी हसत हसत सांगितलंय, "मैडम, घर पे तो घरवाली चलाती है." प्रत्येकाला वाटतं हा विनोद त्यानंच पहिल्यांदा केला. मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसते. अण्णांची लेक आहे मी, ड्रायव्हरला हसवून पाठवावं एवढं मला कळतं.

चार वर्षांपूर्वी अण्णांच्या मालकानं ट्रेलर विकला आणि अण्णांनी थांबायचं ठरवलं. घरी आले तेव्हापासून सायकलवरच असतात. जांभळा रंग आता वांग्यासारखा काळपट झालाय, पण आरसे आणि गोंडे जागेवर आहेत. मग गेल्या वर्षी मी गाडी घेतली. छोटी, पांढरी, दुसऱ्याची वापरलेली, पण आमच्या घरातली पहिली. नवऱ्याला मी सांगितलं की ऑफिसला जायला हवी. ते अर्धसत्य होतं. खरं म्हणजे मला ती अण्णांच्या हातात द्यायची होती. मनात सगळं ठरलेलं होतं. खुटबावला आत्या असते, अण्णांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, आत्यानंच त्यांना वाढवलं. अण्णा सुट्टीवर आले की एक दिवस एसटीनं चौफुल्याला उतरून तिला भेटून यायचे. तर पहिली फेरी खुटबावची. अण्णा चालवणार, आई पुढं, मी मागं. आत्याच्या अंगणात गाडी थांबणार आणि अण्णा स्टिअरिंगवरून उतरणार.

मी गाडी गावी नेली. अण्णा बाहेर आले. गाडीभोवती फेरी मारली, चारही टायर बोटांनी वाजवले, बॉनेट उघडून ऑइल बघितलं, बोटाला लावून वास घेतला. खूश दिसत होते. मी चावी पुढं केली. त्यांनी हात मागं घेतला.

म्हणाले, तू चालवतेस की चांगली. मी म्हटलं, पण आज तुम्ही चालवा. म्हणाले, चष्मा आत आहे. मी आत जाऊन चष्मा आणला. मग म्हणाले, असल्या गाडीत बुटकं बसावं लागतं, मला उंचावरून बघायची सवय. मग म्हणाले, लायसन कुठं ठेवलंय बघावं लागंल. आईनं निमूटपणे कपाटातून लायसन आणून दिलं. अण्णा ते उलटंसुलटं करून बघत राहिले, जणू दुसऱ्याचंच आहे. अखेर म्हणाले, आज अमावस्या आहे. त्या दिवशी एकादशी होती, आईनं उपासाचा साबुदाणा भिजवून ठेवला होता.

मला राग आला की मी कुणाचीच लेक उरत नाही. मी बोलून बसले की मालकाचा ट्रक बत्तीस वर्षं चालवला तेव्हा अमावस्या आडवी आली नाही, लेकीची गाडीच तेवढी हलकी वाटते का? लोकांची पोरं तुमच्या डोळ्यांसमोर केबिनमध्ये बसून गेली, मला तुम्ही एकदा सायकलवर बसवलं नाही. मी काय पोत्यापेक्षा जड होते?

अण्णांनी हातातलं लायसन ओट्यावर ठेवलं, सायकल काढली, टायर वाजवायचंही विसरले आणि निघून गेले. एवढं बोलून मला जरा मोकळं वाटायला हवं होतं, पण उलटं झालं. त्यांना फेरी न मारता, टायर न वाजवता सायकलवर बसताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

आई परातीत साबुदाणा मोकळा करत होती. मी तिच्यासमोर बसून धुसफुसत राहिले. ती म्हणाली की तू म्हणतेस ते तितकंसं खरं नाही, त्यांनी तुला एकदा ट्रकमध्ये बसवलं होतं. तू आठ महिन्यांची होतीस. दिवाळीला आपण खुटबावला आत्यांकडं गेलो होतो, परत यायला एसटी मिळेना, आणि हे माल घेऊन शिरूरकडंच निघाले होते. मग आपल्याला घेतलं केबिनमध्ये. भीमेच्या पुलावर जरा जोरात ब्रेक लागला आणि आत्यांनी दिलेला चकल्यांचा डबा पडला. सगळा चुरा झाला. आईच्या लेखी एवढीच गोष्ट होती, चकल्यांची. घरी येऊन तिनं तो चुरा पोह्यांवर घालून संपवला, हेही तिला आठवत होतं.

मी चालत टपरीवर गेले. अण्णा बाकावर बसले होते, चहा थंड झालेला. सायकल शेजारी उभी होती, चाकाखाली दगड. मी जवळ बसले. माफी मागायला तोंड उघडलं, पण जमेना. म्हणून मी विचारलं की भीमेच्या पुलावर काय झालं होतं.

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं. टपरीवाल्यानं न सांगता दुसरा चहा आणून ठेवला. मग रस्त्याकडं बघतच ते बोलायला लागले.

"पुढं उसाची ट्रॉली हुती. तिच्यातनं मोळी पडली, माझ्या म्होरं. म्या ब्रेक दाबला. काय इशेष न्हवतं, असं रोज हुतं. पर तू आईच्या मांडीवरनं खाली घसरलीस, आन् म्या रस्त्याकडं बघायचं सोडून तुझ्याकडं बघितलं."

मी म्हटलं, बाप होता म्हणून बघितलं, त्यात काय एवढं.

"ड्रायव्हर माणसानं तेवढंच करायचं नसतंय. परत म्होरं बघितलं तवा चाक कठड्याला टेकलं हुतं. खाली भीमा. मागं नऊ टन लोखंड हुतं, पर लोखंडाकडं म्या कवा वळून बघितलं न्हाई, म्हणून त्ये मला नेता आलं. आपली माणसं बसली की माझं डोळं रस्त्यावर ऱ्हात न्हाईत, ताई. त्या दिशी कळलं मला."

अण्णांनी चहा एका घोटात संपवला. मग त्यांनी सांगितलं की आईला तेव्हा काही कळलं नव्हतं, ती चकल्या गोळा करत होती, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. घरी सोडून पुढं गेल्यावर पुढच्या ढाब्यावर गाडी लावून ते दोन तास नुसते बसून होते. त्या दिवशी ठरवलं की घरचं माणूस आपल्या गाडीत बसवायचं नाही. कुठल्याच. सायकलवरही नाही, कारण मग सवय सुटते.

मला रडू आलं, आणि टपरीवर आलं म्हणून स्वतःचा रागही आला. छत्तीस वर्षांची बाई मी. इतकी वर्षं मला वाटायचं की अण्णांना माझी लाज वाटते, किंवा मी त्यांच्या खिजगणतीत नाही. आणि हा माणूस मला न बसवता सायकल ढकलत चालत होता, मैलोन्मैल, मी सुखरूप घरी पोचावी म्हणून. त्यांच्यावर माझा किती जीव आहे ते त्या बाकावर मला कळलं, आणि मी त्यांना ते सांगितलंही, नाक पुसत पुसत. अण्णा ओशाळले. उठले आणि चाकाखालचा दगड काढला.

मी म्हटलं, ठीक आहे, मग गाडी मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले की चालेल, पण नुसतं बसणार नाही, क्लीनर म्हणून येतो.

पुढच्या रविवारी निघालो. त्यासाठी अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला, आणि सायकलीचा एक गोंडा सोडून गाडीच्या आतल्या आरशाला बांधला. आई मागं बसली, मांडीवर डबा घेऊन. यावेळी पुरणपोळ्या होत्या. ती म्हणाली, ब्रेक लागला तरी चुरा होणार नाही.

अण्णा म्हणजे काय क्लीनर होते! काच ओल्या कागदानं पुसून दिली. वळणावर मान बाहेर काढून डावीकडचं बघायचे आणि मोकळं आहे म्हणून सांगायचे. पूर्वी ट्रकला क्लीनर दारावर हातानं थापा मारून ड्रायव्हरला खूण करायचा, इंजिनच्या आवाजात ओरडलेलं ऐकू जात नसे म्हणून. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. अण्णा काच खाली करून हात बाहेर टाकून बसले आणि माझ्या गाडीच्या दारावर थापा मारू लागले. गाडीच्या आत इंजिनाचा आवाजसुद्धा येत नव्हता. त्यांचा उजवा पाय मात्र सगळा रस्ताभर खालच्या मॅटवर दाबलेला होता. मी गाडी ज्या ज्या ठिकाणी हळू केली, तिथं त्यांनी माझ्या आधी ब्रेक मारला होता.

न्हावरा गेला. गाळपाचे दिवस होते, रस्त्यावर उसाच्या पाचटाचे पुंजके उडत होते. आणि भीमेच्या पुलावर आम्ही चढलो, तर पुढं ट्रॉली. खचाखच भरलेली, एका अंगाला कललेली, मोळ्यांचे शेंडे लोंबत होते.

मी लांबूनच गाडी हळू केली. मागं कुणीतरी हॉर्न वाजवू लागलं. आईनं मांडीवरचा डबा घट्ट धरला. मला अण्णांची काळजी वाटली, त्यांना काय होत असेल, ते घाबरले तर नाहीत ना, आणि मी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

अण्णा समोर बघत होते. माझ्याकडं न वळता, अगदी शांतपणे ते म्हणाले, "माझ्याकडं बघू नको, ताई. रस्त्याकडं बघ."

मी बघितलं. ट्रॉली पूल ओलांडून कडेला झाली. पुढं मोकळं होतं. अण्णांनी मान बाहेर काढून खात्री केली आणि दारावर दोन थापा मारल्या.

खुटबावला आत्या अंगणात उभीच होती. गाडी उलटी लावून घेताना माझी नेहमी फजिती होते. अण्णा उतरून मागं गेले, येऊ दे, येऊ दे करत गाडी तुळशीपासून हातभर लांब आणून उभी केली आणि एक थाप मारली. मग इकडंतिकडं शोधून एक दगड आणून चाकाखाली ठेवला. आत्यानं पदर डोळ्यांना लावला आणि विचारलं की गाडी तू चालवत आणलीस का रे. अण्णा म्हणाले, न्हाई अक्का, ड्रायव्हर ही हाय, मी क्लीनर. एवढ्या अभिमानानं त्यांनी स्वतःचा ट्रेलरही कधी कुणाला दाखवला नसेल. आत्यानं आधी माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली, मग गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवून तिच्यावरूनही.

चार वाजता निघालो आणि उजेड असतानाच गावी पोचलो. मी शिरूरला परत जायच्या गडबडीत होते. अण्णांनी आत जाऊन दुधाची किटली घेतली, सायकल काढली आणि म्हणाले, चल, दूध घेऊन येऊ. आम्ही दोघं निघालो. नेहमीसारखी मी एका बाजूला चालू लागले. चार पावलं गेल्यावर बघते तर अण्णा मागंच थांबलेले. सायकलीभोवती फेरी मारली. दोन्ही टायर वाजवले, मागचा दोनदा. मग हँडलवरचे दोन्ही आरसे धरले आणि एकेक करून बाहेरच्या अंगाला फिरवले. त्यांना आता त्यांत माझं तोंड दिसलं नसतं. फक्त शेतं दिसली असती.

"बस मागं," ते म्हणाले.

मी म्हटलं, अण्णा, मी आता पोत्यापेक्षा खरंच जड आहे. ते म्हणाले, हलू नकोस म्हणजे झालं.

मी किटली मांडीवर घेतली आणि आडवी बसले. एका हातानं त्यांचा इस्त्रीचा सदरा धरला. दुसऱ्या हातानं कॅरिअरवर दोन थापा मारल्या. सायकल आधी झोकांडली, मग सरळ झाली. पारावरची मंडळी बोलायची थांबली. चौसष्ट वर्षांचा माणूस, मागं त्याची छत्तीस वर्षांची लेक, खाली जांभळी सायकल. मारुतीच्या कोपऱ्यावर भाजीवाल्या मावशींनी आपली पाटी पटकन आत ओढून घेतली, आणि अण्णा पार उजव्या कडेला गेले, गटारीच्या काठापर्यंत, मग सरळ पुढं, आणि मग मोठा घेर घेऊन डावीकडं वळले. वळताना इतकी जागा सोडली होती त्यांनी, की अठरा चाकं सहज निघाली असती.

मला खूप काही बोलायचं होतं, पण मी गप्प बसले, आणि हलले नाही. डेअरीपर्यंत अण्णांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.